जोधपूरला मेहरानगडावर पहिल्यांदाच झिपलाईन करायचीय, उंचीची भीती आहे, जाऊ की नको?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघं राजस्थानला निघालोय. मी, नवरा, तेरा वर्षांची लेक आणि सासूबाई. सांगलीहून मुंबई, मुंबईहून सूर्यनगरीने जोधपूर, मग जैसलमेर आणि परत. तिकिटं, हॉटेलं सगळं झालं आणि आता लेकीने काढलंय की मेहरानगड किल्ल्यावर झिपलाईन, म्हणजे उंचावरच्या तारेला लटकून पलीकडे घसरत जायचं ते, आहे ती करायचीच. तिच्या वर्गातली मैत्रीण दिवाळीत करून आली, तिने व्हिडिओ दाखवला, तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही.

माझी अडचण अशी की मला उंचीची खरोखरच भीती आहे. गच्चीच्या कठड्याशी उभी राहिले तरी तळपायाला मुंग्या येतात. लग्नाआधी पन्हाळ्याला सज्जा कोठीतून खाली बघितलं होतं तेव्हा भावाचा हात इतका घट्ट धरला की त्याच्या मनगटावर वळ उठले. नवरा म्हणतो तुम्ही दोघी जा, मी आईजवळ थांबतो, म्हणजे लेकीबरोबर मीच. तिला एकटीला सोडायला माझं मन घेत नाही आणि नाही म्हणायलाही जीव होत नाही कारण पुढच्या वर्षी नववी मग दहावी, असा निवांत प्रवास परत कधी होईल कुणास ठाऊक.

तुमच्यापैकी कुणी तिथे केलीय का, नेमकं काय काय करायला लावतात, माझ्यासारखीला मधेच हातपाय गळाले तर काय, आणि सगळ्यात मुख्य म्हणजे सुरक्षित आहे का नाही हे आपण साध्या माणसांनी बघून ओळखायचं कसं? कपडे काय घालावेत तेही सांगा. मी कायम साडी किंवा पंजाबी ड्रेसमध्ये असते.

---

भरवस्तीत_राहणारा

ताई, मी दोन वर्षांपूर्वी केली, वय तेव्हा ५१. जोधपूरलाच. त्यामुळे सविस्तर लिहितो, लांबलं तर माफ करा.

एक झिपलाईन नाहीये तिथे, सहा आहेत, एकामागून एक. किल्ल्याच्या मागच्या अंगाला चोकेलाव बागेपासून सुरू करून टेकड्यांवरून, तटबंदीवरून, खालच्या तळ्यांवरून फिरत फिरत जायचं, सगळं मिळून तासदीड तास जातो. सुरुवातीला जमिनीवरच सगळं शिकवतात, हार्नेस म्हणजे कमरेला-मांड्यांना आवळायचे पट्टे चढवतात, हातात जाड ग्लव्हज देतात, ब्रेक कसा लावायचा ते करून घेतात. ब्रेक म्हणजे काय तर ग्लव्हज घातलेला हात पुलीच्या, म्हणजे तारेवरून घरंगळणाऱ्या चाकाच्या, मागे तारेवर ठेवायचा आणि इशारा आला की खाली दाबायचा. मागे म्हणजे मागेच. पुलीच्या पुढे हात कधी न्यायचा नाही, हे आमच्या प्रशिक्षकाने इतक्या वेळा घोकून घेतलं की रात्री झोपेतही आठवत होतं. दोन प्रशिक्षक बरोबर असतात, एक आधी जाऊन पलीकडे उभा राहतो, दुसरा अलीकडून एकेकाला सोडतो आणि शेवटी स्वतः येतो. त्यामुळे तुम्ही निघता तेव्हाही ओळखीचा माणूस जवळ आणि पोचता तेव्हाही.

आता भीतीबद्दल. मला सगळ्यात अवघड गेलं ते पहिल्या तारेपाशी जमिनीवरचे पाय उचलणं. तिथे उडी मारायची नसतेच हे मला आधी माहीत नव्हतं, मी आपला उडीची तयारी करून गेलो होतो. फक्त खुर्चीत बसतो तसं हार्नेसमध्ये बसायचं, वजन तारेवर आलं की पाय उचलायचे, झालं. ते दोनतीन सेकंद पोटात जे होतं ते होतं, पण एकदा पुलीने वेग धरल्यावर तिचा जो घर्रर्र आवाज सुरू होतो ना त्यात सगळं विसरायला होतं. दुसऱ्या तारेपासून मी आजूबाजूला बघायला लागलो. एका बाजूला तो किल्ला, राव जोधाने १४५९ मध्ये पाया घातलेला, उभ्या कातळातूनच उगवल्यासारखा, आणि दुसऱ्या बाजूला जुन्या शहरातल्या ब्रह्मपुरीतली निळी घरं. खाली राणीसर तळं. आणि घारी! किल्ल्यावर घारींना खायला घालायची जुनी पद्धत आहे, चामुंडामातेचं रूप मानतात तिथे घारीला, त्यामुळे आकाशात कायम घिरट्या चालू असतात. मी तारेवर असताना एक घार माझ्या पायांच्या खालून गेली. घारीची पाठ मी आयुष्यात पहिल्यांदा बघितली, वरून तपकिरी पिसं आणि ऊन पडून चमकणारी. एवढ्यासाठी मी परत जाईन.

कपड्यांचं म्हणाल तर साडी-ओढणी अजिबात नको. सैल पण पायघोळ नसलेली पँट, लांब बाह्यांचा टॉप, बंद बूट. वेणी असेल तर टॉपच्या आत खोचायची, मोकळे केस पुलीत अडकणं हा खरा धोका आहे. मंगळसूत्र, मोठे कानातले हॉटेलवर काढून ठेवा किंवा यजमानांकडे द्या. मांड्यांना हार्नेसचे पट्टे काचतात म्हणून पातळ लेगिंग्ज नकोत.

---

कडेकपारी

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. मी गेली अठरा वर्षं सह्याद्रीत प्रस्तरारोहण करतोय, खंडाळ्याला ड्यूक्स नोज म्हणजे आपल्या नागफणीवर आमचा क्लब व्हॅली क्रॉसिंग घेतो तेव्हा दोरांची जबाबदारी बऱ्याचदा माझ्याकडे असते. झिपलाईन आणि व्हॅली क्रॉसिंग ही चुलत भावंडं, एकात स्टीलची तार आणि उतार, दुसऱ्यात दोर आणि हाताने ओढत जाणं. ताईंचा खरा प्रश्न "ओळखायचं कसं" हा आहे आणि तो फार योग्य आहे म्हणून त्यावरच लिहितो.

पहिली गोष्ट बघा ती म्हणजे तुम्ही तारेला किती ठिकाणी जोडलेल्या आहात. एक जोड मुख्य पुलीचा आणि दुसरा वेगळा, स्वतंत्र पट्टा तारेवर, म्हणजे पहिल्याला काही झालं तरी दुसऱ्यावर लटकून राहाल. एकच जोड दिसला तर सरळ विचारा दुसरा कुठाय. विचारायला लाजू नका, चांगल्या ठिकाणी विचारलेलं आवडतं त्यांना. कॅरॅबिनर म्हणजे ती स्टीलची किंवा ॲल्युमिनियमची कडी, तिच्या अंगावरच ताकद कोरलेली असते, २२ किलोन्यूटन वगैरे, म्हणजे दोन टनांच्या वर. पण ही ताकद कडीचं तोंड बंद असताना. तोंड उघडं राहिलं तर तीच कडी साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येते. म्हणून स्क्रू फिरवून बंद केलेली आहे ना हे बोटाने दाबून बघायचं. आम्ही इतकी वर्षं चढतोय तरी प्रत्येक वेळी दाबून बघतो आणि शेजाऱ्याचीही दाबून बघतो.

हार्नेसचा कमरेचा पट्टा कंबरेच्या हाडांच्या वर बसला पाहिजे, खाली सरकत असेल तर आवळून घ्या. मांडीच्या पट्ट्यात दोन बोटं जातील इतपत जागा. हेल्मेट मान हलवल्यावर हलता कामा नये. प्लॅटफॉर्मवर उभं असतानाही तुम्हाला कशाला तरी अडकवून ठेवलेलं असलं पाहिजे, अपघात तारेवरच होतात असं नाही, कडेला उभं राहून फोटो काढताना पण होतात. आणि हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं मला, पलीकडचा माणूस वॉकीटॉकीवर किंवा हाताने "मोकळी" म्हणून इशारा देतो का ते बघा. पुढचा गडी तारेवरून सुटायच्या आत मागच्याला सोडला तर दोघं एकमेकांवर आदळतात. त्यांची घाई दिसली, गर्दी दिसली, इशाऱ्याशिवाय सोडताना दिसले तर पैसे गेले तरी चालतील, खाली उतरा.

तार जिथे खांबाला किंवा खडकाला बांधलीय तिथे नजर टाका. गंज, तारेचे सुटे धागे वर आलेले, झाडाच्या बुंध्याला नुसती गुंडाळलेली तार, असलं काही दिसलं तर नको. जोधपूरला मी स्वतः केलेली नाही त्यामुळे तिथल्याबद्दल बोलत नाही, पण वरच्या प्रतिसादात जे लिहिलंय, जमिनीवर आधी सराव, दोन प्रशिक्षक, पुढेमागे, ही जाणत्या लोकांची पद्धत आहे.

---

आंबेमोहोर

मी मात्र सावध करायला लिहितेय. ताई घाबरू नका पण वाचा.

तीन वर्षांपूर्वी आम्ही एका थंड हवेच्या ठिकाणी गेलो होतो, नाव घेत नाही. एका रिसॉर्टच्या मागे झिपलाईन होती. तिकीट काढलं, पाच मिनिटांत हार्नेस चढवला, कुणी काही शिकवलं नाही, ब्रेक कसा लावायचा हे सांगितलंच नाही कारण म्हणे शेवटी आमचा माणूस पकडतो. माझ्या मिस्टरांचं वजन ९२. ते जे सुटले ते त्या माणसाला पकडता आले नाहीत आणि शेवटच्या गादीवर पाय आधी आदळले. घोट्याचं हाड मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. तिथे प्रथमोपचाराची पेटी होती पण त्यात कापूस आणि आयोडीन एवढंच. खाली गावापर्यंत आम्ही त्यांना आमच्याच गाडीतून कसंबसं आणलं.

नंतर कळलं की आमच्या विम्यातून साहसी खेळ वगळलेले होते. तुमची पॉलिसी आहे ती आत्ताच काढून वाचा, बऱ्याच पॉलिसीत असं असतं.

माझा राग झिपलाईनवर नाहीये. आम्हाला एक तास थांबवून शिकवलं असतं तर आम्ही आनंदाने थांबलो असतो. महाराष्ट्रात २०२१ मध्ये सरकारने साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात असले उपक्रम चालवणाऱ्यांनी नोंदणी करायची आहे, तर आता कुठेही गेलं की मी आधी नोंदणीचा कागद मागते. लोक विचित्र बघतात. बघू देत.

---

कृष्णाकाठची

आंबेमोहोर ताई, वाचून अंगावर काटा आला, मिस्टर आता बरे आहेत ना? विम्याचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, आज रात्रीच पॉलिसी बघते.

कडेकपारी, तुमचा प्रतिसाद मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला आणि त्याचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवलाय.

आता एक नवीन शंका. लेक अगदी बारीक आहे, वजन ३४ किलो. तिच्या मैत्रिणीने सांगितलं की हलकी मुलं तारेवर मधेच थांबतात, एक मुलगी थांबली होती म्हणे. हे खरं आहे का? आणि थांबली तर काय करतात? मला तर ती मधे लोंबकळतेय हे डोळ्यांसमोर येऊनच कसंतरी होतंय.

---

निवृत्त_मास्तर

हायस्कुलात पदार्थविज्ञान शिकवायचो, तेव्हा हा प्रश्न माझाच म्हणायला हरकत नाही.

मुलगी म्हणते ते खरं आहे. तार कितीही ताणली तरी सरळ राहत नाही, मधे झोळ पडतो. कपडे वाळत घालायच्या दोरीवर ओली गोधडी टाकली की कसा पडतो तसा. म्हणजे तुम्ही आधी उताराने जाता, सगळ्यात खालच्या जागेनंतर थोडासा चढ लागतो. हा चढ मुद्दाम ठेवलेला असतो, वेग आपोआप कमी व्हावा म्हणून. आता जड माणसाला गुरुत्वाकर्षण जास्त ओढतं, पण हवेचा विरोध वजनावर नाही, अंगाच्या आकारावर आणि वेगावर असतो. ३४ किलोच्या मुलीचं वजन ६८ किलोच्या माणसाच्या निम्मं, पण तिचं अंग वाऱ्याला निम्मं दिसत नाही. म्हणून तिला वारा जास्त अडवतो आणि ती शेवटच्या चढावर प्लॅटफॉर्मच्या थोडी अलीकडे थांबू शकते. समोरून वारा असेल तर आणखी अलीकडे.

थांबली तर ती पडत नाही, फक्त थांबते, हे तिला आणि तुम्हाला दोघींना पक्कं माहीत हवं. मात्र थांबताक्षणी तिने ग्लव्हज घातलेल्या हाताने तार धरायची, नाहीतर पुली मागे घरंगळत झोळाच्या तळाशी जाईल आणि तिथून ओढत यायचं अंतर वाढेल. तार धरली की वळून पाठ प्लॅटफॉर्मकडे करायची आणि डोक्यावरून मागे एक हात, मग दुसरा हात असं तार ओढत ओढत मागे मागे जायचं. विहिरीतून पोहरा ओढतो तसंच, फक्त आडवं. नाही जमलं तर प्रशिक्षक स्वतः तारेवरून येऊन घेऊन जातो, ते त्यांचं नेहमीचं काम आहे.

हलक्या मुलांनी वेग टिकवायला गुडघे छातीशी घ्यावेत, अंगाचा मुटका करावा. हातपाय पसरले की वारा अडवतो. आणि विनाकारण लवकर ब्रेक लावू नये. भीतीने मुलं अर्ध्यातच ब्रेक दाबतात आणि मग अडकतात, असं माझ्या नातवाचं दोनदा झालं. तुमच्याकडे अजून दिवस आहेत, घरी दाराच्या चौकटीला हात लावून तिला हे हातावर हात टाकण्याचं करून दाखवा. मुलांना आधी हाताला माहीत असलं की डोकं शांत राहतं.

वय, उंची, वजन तिन्हीच्या अटी असतात, खालच्याही आणि वरच्याही. बुकिंग करताना तिन्ही आकडे खरे सांगा.

---

वाळवंटातला_मराठी

दुबईत असतो. इथून जवळ रास अल खैमाला जेबेल जैस डोंगरावर २०१८ मध्ये झिपलाईन सुरू झाली, तेव्हा गिनीजने जगातली सर्वांत लांब म्हणून नोंदवलेली, २.८३ किलोमीटर. त्यात बसून नाही, पालथं झोपून जातात, तोंड खाली, आणि वेग ताशी १२० किलोमीटरच्या वर जातो. मी गेलोय. हे सांगतोय एवढ्यासाठी की ताई तुमची ती तशी नाहीये! लोक यूट्यूबवर जेबेल जैसचे व्हिडिओ बघतात आणि सगळीकडे असंच असतं समजून घाबरतात. बसून जायच्या झिपलाईनमध्ये हात तुमचे, ब्रेक तुमचा, खूप फरक पडतो.

भीतीबद्दल माझा अनुभव असा की वाट बघण्यात जास्त भीती वाटते. मी रांगेत चाळीस मिनिटं उभा होतो आणि प्रत्येक माणूस सुटताना बघत होतो, त्यानेच अर्धा जीव गेला. जमलं तर सकाळचा पहिला स्लॉट घ्या आणि गटात पहिल्या दोघातिघांत नंबर लावा.

---

भरवस्तीत_राहणारा

पहिला स्लॉट याला माझाही दुजोरा. डिसेंबरात सकाळी तिथे चांगलीच थंडी असते, स्वेटर असू द्या, पण दहानंतर ऊन चढतं आणि फोटोतही सगळं पांढरं येतं.

सासूबाईंचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. त्यांना बाहेर ताटकळत बसवू नका. मेहरानगडावर वर जायला लिफ्ट आहे, चढ चढायला नको. तुमचा दीड तास होईपर्यंत यजमान त्यांना म्युझियम दाखवू शकतात, हत्तीवरच्या अंबाऱ्या, पालख्या, फूल महाल, मोती महाल, शीश महाल, तेवढा वेळ आरामात जातो. नंतर सगळ्यांनी मिळून जसवंत थडा बघा, राजाचं स्मारक, संगमरवरी आहे, १८९९ मधला, दगड इतका पातळ घासलाय की काही ठिकाणी आतून उजेड येतो. खाली बाजारात मिरची वडा आणि माखनिया लस्सी. मिरची वडा आपल्याकडच्या भजीएवढा समजू नका, एकात पोट भरतं.

अजून एक, तुमच्या लेकीला झाडाझुडपांची आवड असेल तर तारेवरून जो सगळा खडकाळ भाग दिसतो तिथे राव जोधा उद्यान आहे, तिथेही जा. ज्वालामुखीचा खडक आहे तो, कोट्यवधी वर्षांपूर्वीचा, आणि त्यावर आधी सगळी वेडी बाभूळ माजलेली. २००६ पासून ती काढून वाळवंटातलीच मूळची झाडं परत लावली. बाभळीची मुळं खडकात इतकी खोल की यंत्रं हरली, मग दगडाच्या खाणीत पिढ्यान्पिढ्या काम केलेले खांडवालिया लोक आणले, ते हातोडीने खडक ठोकून नुसत्या आवाजावरून सांगायचे कुठे फोडायचा. मला झिपलाईनवरून जाताना खाली थोरासारखी काटेरी झुडपं दिसत होती, नंतर उद्यानात गेल्यावर तीच जवळून बघितली तेव्हा कळलं आपण कशावरून उडत होतो.

---

दूरदेशी_अंजिरी

मी अमेरिकेत असते, आम्ही कोस्टा रिकाला मोन्तेव्हेर्देच्या जंगलात केली. त्या देशात या सगळ्याची सुरुवात अभ्यासासाठी झाली हे मला तिथे जाऊन कळलं, १९७० च्या दशकात डोनाल्ड पेरी नावाचे जीवशास्त्रज्ञ झाडांच्या शेंड्यांवरचं जग बघायला दोर आणि पुल्या वापरून वर फिरायचे.

मला सांगायचंय ते वेगळंच. आमच्या गटात एक बाई दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर रडायला लागल्या. त्यांच्या घरच्यांनी "अगं काही होत नाही, जा जा" असा धोशा लावला. गाईड पुढे आला, त्याने घरच्यांना शांतपणे गप्प केलं, त्या बाईंजवळ बसला, पाणी दिलं आणि विचारलं, पुढे की मागे? त्या म्हणाल्या मागे. तो एक शब्द न बोलता त्यांना घेऊन परत गेला. माझ्या मते ताई, बुकिंग करताना हाच प्रश्न विचारा. मधेच नको वाटलं तर परत फिरायची सोय कुठल्या तारेपर्यंत आहे? काही ठिकाणी पहिल्या तारेनंतर चालत यायला वाटच नसते. ते आधी माहीत असलं की पहिल्या तारेपाशीच मनाशी ठरवता येतं. आणि लेकीलाही तोच हक्क द्या. हट्ट तिने केला म्हणून तिथे तिला सक्ती नको.

---

कृष्णाकाठची

मंडळी, आलो परत. कालच घरी पोचलो आणि धुणं मशीनला लावून लिहायला बसलेय.

केली! सहाच्या सहा!

पहिलाच स्लॉट घेतला होता. गटात आम्ही आठ जण. हातात स्क्रीनशॉट होताच, मी कडी दाबून बघितली, दुसरा पट्टा बघितला, प्रशिक्षक मुलगा हसला आणि म्हणाला मॅडम आपने सीखा है क्या कहीं. मी त्याला परत फिरायचंही विचारलं होतं, त्याने अगदी नीट सांगितलं, पहिली झाली की तिथेच ठरवा म्हणून. त्याने मला फार धीर आला. कुणी ढकलणार नाही एवढं कळलं.

पण झालं भलतंच. पहिल्या तारेपाशी माझी लेक गप्प झाली. दोन महिने घर डोक्यावर घेतलेली मुलगी, तोंडातून शब्द नाही, ओठ पांढरे. म्हणाली आई मला नाही जायचं. मी म्हटलं ठीक आहे, नाही जायचं तर नाही, आपण दोघी खाली जाऊ, बाबा-आजींबरोबर किल्ला बघू. अंजिरी ताई, तुमचं वाचलं नसतं तर माझ्या तोंडून "एवढे पैसे भरले" नक्की निघालं असतं, मी स्वतःला ओळखते. ती थोडा वेळ उभी राहिली, चारपाच जण पुढे गेले. मग म्हणाली, तू आधी जा, मी बघते.

म्हणजे आता मी! पण तिच्या चेहऱ्याकडे बघताना माझी भीती कुठे मागे पडली ते खरंच सांगता येत नाही. बसले हार्नेसमध्ये, खुर्चीत बसतात तसं, पाय उचलले. डोळे मात्र मिटलेले होते, पलीकडून ब्रेकचा इशारा ओरडून द्यायला लागला त्या मुलाला तेव्हा उघडले. उतरल्यावर मागे वळून बघितलं तर ती निघालेली होती. गुडघे छातीशी घेऊन, मास्तरांनी सांगितलं तसा मुटका.

चौथ्या तारेवर ती अडकली. प्लॅटफॉर्मपासून आठदहा हात अलीकडे. समोरून वारा होता. माझ्या छातीत धस्स झालं पण तिने लगेच तार धरली, वळली आणि हातावर हात टाकत आली. आमच्या स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर पंधरा दिवस हेच चाललं होतं, सासूबाई म्हणायच्या दार उखडाल. मास्तर, तुम्हाला दोघींचा नमस्कार.

घारी दिसल्या, पण आमच्या वरून. पाठ नाही बघायला मिळाली. पाचव्या तारेवर मी पहिल्यांदा पूर्ण डोळे उघडे ठेवून गेले आणि राणीसरच्या हिरव्या पाण्यात किल्ल्याची भिंत थरथरताना दिसली, ते मात्र मनात राहिलंय.

खरं ते सांगायला हवं, उंचीची भीती गेलेली नाही. दोन दिवसांनी जैसलमेरच्या किल्ल्यावर तोफेपाशी कठड्याजवळ गेले तर तळपायाला त्याच मुंग्या. लेक म्हणाली आई तुझं कसं काय गं. मलाही नाही कळलं.

मिरची वडा सासूबाईंनी दीड खाल्ला.

---

कडेकपारी

वा! मन भरून आलं वाचून. कठड्यापाशी तुम्हाला कशालाच बांधलेलं नसतं ताई, म्हणून. मलाही उघड्या कड्यावर दोराशिवाय उभं राहवत नाही, आणि अठरा वर्षांत ते कमी झालेलं नाही. वारा होता तरी त्यांनी थांबून थांबून सोडलं का?

---

कृष्णाकाठची

हो, चौथ्या तारेला वीसेक मिनिटं थांबवून ठेवलं होतं वारा उतरेपर्यंत. एक काका चिडले पण त्यांनी ऐकलं नाही त्यांचं.

---

नवीन_सभासद_कोल्हापूर

ताई, खूप छान लिहिलंय. आम्ही फेब्रुवारीत जातोय, मुलगा अकरा वर्षांचा आहे, हात लहान आहेत त्याचे. ग्लव्हज लहान मापाचे मिळाले का मुलीला?

---

कृष्णाकाठची

पहिले दिले ते मोठे होते, बोटं मोकळी राहत होती, मागितल्यावर लहान जोडी शोधून दिली. तुम्ही घालून तार धरून बघायला सांगा त्याला तिथेच जमिनीवर, आणि नाही बसले तर बदलून घ्या, सोडू नका तसंच. अकरा वर्षांना चालतं का ते मात्र उंची-वजन सांगून आधी फोनवर विचारा, माझी तेराची आहे.